अळणी चहा

न्योमाच्या वरचा तळ
९ जून १९८८

आचे,

जुले. राशनच्या ट्रकवाल्याने तुझं पत्र आणून दिलं. बरेच दिवस त्याने ते सीटखाली दाबून ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्या कागदाला डिझेलचा वास मारतोय. थोरली बहीण पत्रं लिहिते आणि धाकटी उत्तरं गिळून बसते, असं तू लिहिलंस. अगं, तू लेहच्या दवाखान्यात ड्युटी संपली की टेबलाशी बसून लिहितेस. मी लिहिते ती बकऱ्यांच्या शिंगांमधून मान बाहेर काढून.

सध्या पश्मिना विंचरायचे दिवस आहेत. बकरीला आडवी पाडायची, पाय बांधायचे आणि फणीने आतली मऊ लोकर ओढत बसायचं. मागच्या वर्षी मी मोरुपच्या बरोबरीने विंचरत होते. यंदा दोन बकऱ्या झाल्या की हात गळून पडतात. बसलेली उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी माझ्या आमा-लेंनी, म्हणजे सासूबाईंनी, टोमणा मारला, "लेहजवळची पोरगी केली की हे असं. पाणी नळाचं, हाडं लोण्याची." पण गेल्या आठवड्यात सकाळी मी तंबूमागे जाऊन ओकले आणि त्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून टोमणे बंद. पाण्याचा कॅन त्या स्वतः उचलतात आणि गालातल्या गालात हसतात.

पाळी चुकली आहे. दोनदा. एवढं लिहिलं, पुढचं तू समज. सगळी लक्षणं तीच आहेत. जेवण जात नाही, झोप पुरत नाही, आणि आंबट-गोड काही नको, फक्त खारट हवं. चहात मीठ घालून झालं की मी वाटीत वेगळं घेऊन वरून घालते. मोरुप म्हणतो, "पोटातला पोरगा मिठाचा व्यापारी होणार." उन्हाने मी काळी ठिक्कर पडले आहे. तू बघशील तर ओळखणार नाहीस.

एवढ्यात कोणाला सांगू नकोस. आमा-ले म्हणतात दृष्ट लागते.

तुझी
कुन्झेस


लेह
२१ जून १९८८

कुन्झेस, माझ्या नोमो,

तुझं पत्र मी वॉर्डात उभ्याने वाचलं आणि समोरच्या म्हाताऱ्याचा दोनदा ताप मोजला. इतका आनंद झाला. कोणाला सांगितलं नाही. फक्त लोकर घेऊन ठेवली आहे, पिवळी.

आता जरा नीट ऐक. अंधारी येते, डोकं दुखतं का? पाय सुजलेत का? अंगठी घट्ट होते का? यातलं एक जरी असेल तर हसण्यावारी नेऊ नकोस. आई गेली तेव्हा तू काकांकडे होतीस, म्हणून तुला कोणी धड सांगितलं नाही. आता तुझी वेळ आली, तर सांगते. आईचे पाय आधी सुजले. मग तीही म्हणायची, उठलं की अंधारतं. तिलाही सारखा चहा लागायचा, आणि आपल्या घरचा चहा कसा असायचा ते तुला ठाऊक आहे, चमचा उभा राहील इतका खारट. बाळंत व्हायच्या आधीच तिला आकडी आली. दात घट्ट मिटले होते. मी चमचा घालायचा प्रयत्न केला, मला जमलं नाही. बाळ आणि ती एकाच दिवशी गेली.

आमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेले होते. गरोदरपणात रक्तदाब चढतो, त्याने हे होतं. आणि दाब चढवायला मिठासारखा वैरी नाही. आपल्याकडे तर दिवसभर मीठच पितात. म्हणून आजपासून तुझं मीठ बंद. कमी करायचं नाही, बंद करायचं. चहा अळणी, थुक्पा अळणी. सोबत सासूबाईंसाठी वेगळी चिठ्ठी आहे, ती मोरुपने त्यांना वाचून दाखवावी. तुझ्यावर माझा भरवसा नाही. लहानपणी गुळाची ढेप कोणी पोखरली होती ते मी विसरलेले नाही.

जमलं तर महिन्याअखेर लेहला ये, मी स्वतः तपासते.

तुझी
छोरोल


न्योमाच्या वरचा तळ
१५ जुलै १९८८

आचे,

तू चिठ्ठी लिहिलीस की फर्मान काढलंस? मोरुपने वाचून दाखवली, आणि आमा-लेंनी ती घडी करून देवाच्या मूर्तीमागे ठेवली. लेहच्या नर्सबाईंचा शब्द. त्या दिवसापासून आमच्या तंबूत चहाची दोन नळकांडी आहेत. एकात सगळ्यांसाठी लोणी-मिठाचा चहा घुसळतात, दुसऱ्यात माझ्यासाठी लोण्याचं गरम पाणी. मी चुकून पहिल्याकडे हात नेला तर हातावर फणी बसते. "तुझी आई कशाने गेली, ऐकलंस ना?" म्हणतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. त्यांनी तीन मुलं गमावली आहेत, मोरुप तेवढा राहिला. माझ्या पोटावर त्यांचं इतकं लक्ष आहे की मला पोट लपवून बसावंसं वाटतं.

तू विचारलंस पाय सुजलेत का. नाहीत. उलट घोट्याची हाडं वर आली आहेत. अंगठी घट्ट नाही, पडते म्हणून दोऱ्याने बांधली. कंबरेचा पट्टा दोन बोटं आत गेला. शेजारच्या तंबूतल्या बायका म्हणतात, पोर आईला खातंय, म्हणजे मुलगाच.

आणि एक गंमत. ऊन लागून माणूस तोंडाने काळं होतं, पण मी हाताच्या तळव्यांनी काळी झाले आहे. रेषा तर अशा की कोणी शाईने गिरवल्यात. काल हिरड्या पाहिल्या आरशात. त्यांच्यावरही डाग. हिरड्यांना ऊन कसं लागलं, तूच सांग नर्सबाई. मोरुप म्हणतो, तू तोंड उघडं टाकून झोपतेस म्हणून.

लेहला यायचं जमलं नाही. ट्रकमध्ये बसायच्या विचारानेच उलटी झाली. बाकी ठीक.

कुन्झेस


लेह
२ ऑगस्ट १९८८

नोमो,

पाय सुजले नाहीत हे वाचून मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे पथ्याचा गुण आला. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, अशीच कडक राहा. तुझ्यासारखीला अशीच सासू हवी.

काळेपणाची काळजी करू नकोस. गरोदरपणात बायकांच्या तोंडावर, पोटावर डाग येतातच, पुस्तकात लिहिलंय. पहिल्या महिन्यांत वजनही उतरतं. मी लोहाच्या गोळ्या पाठवते आहे, जेवणानंतर एक. ओकलीस तर पुन्हा घे.

आता हिशेबाने पाचवा महिना लागला असेल. बाळ हलतं का? पोटात मासा वळल्यासारखं वाटतं म्हणतात. ते वाटलं की मला लगेच कळव. कामं सोड. चहा अळणी पी आणि पडून राहा.

पिवळ्या लोकरीची टोपी झाली. मोज्यांना लोकर पुरणार नाहीसं दिसतंय.

छोरोल


न्योमाच्या वरचा तळ
१९ ऑगस्ट १९८८

आचे,

हे पत्र मी मोरुपलाही न दाखवता लिहिते आहे. तू वाचून फाडून टाक.

मी चोरी करते आहे. त्सो-कारच्या सरोवरावरून आणलेलं खडेमीठ आमच्याकडे पोत्यात असतं, ते बकऱ्यांना चाटायला सपाट दगडांवर टाकतात. गेला महिनाभर मी ते खाते आहे. आधी खिशात एक खडा ठेवायचे आणि चघळायचे. मग खडा पुरेना. परवा दुपारी कळप परतायच्या आधी मी दगडाशी वाकले आणि चाटायला लागले. जिभेने, जनावरासारखं. मला लाज वाटत नव्हती. इतकं बरं वाटत होतं की लाजेला जागाच नव्हती.

वर पाहिलं तर आमा-ले उभ्या.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "कोण आहेस तू?"

मी म्हटलं, "आमा-ले, मी कुन्झेस."

"माझी सून बकरीच्या जागी जीभ लावणार नाही. खरं सांग, कोण शिरलंय तिच्यात?"

संध्याकाळी पलीकडच्या तळावरून अंगात येणारी बाई आणली. तिने ढोल वाजवला, पोटाला नळी लावून काहीतरी काळं ओढून काढलं, वाटीत थुंकली आणि म्हणाली, कोणा जळकुट्या बाईचा हात आहे. मला एवढंच सुचलं की वाटीतलं ते काळं खारट असेल का. आता मिठाचं पोतं लाकडी पेटीत गेलं आहे आणि किल्ली आमा-लेंच्या कंबरेला. रात्री त्या माझ्याच शेजारी झोपतात, हात माझ्या अंगावर टाकून. राखण म्हणून की माया म्हणून, मला कळत नाही. दोन्ही असेल.

मीठ बंद झाल्यापासून मला उभं राहवत नाही. बसूनच केर काढते. काल भांडं उचललं आणि तशीच खाली बसले.

आणि आचे, बाळ हलत नाही. मासा नाही, काही नाही. पोट आहे तिथेच आहे, पाठीला लागलेलं. मला वाटतं तिथे कोणी नाहीच. हे मी कोणाला सांगू? मोरुपने बाळाच्या झोळीसाठी याकाच्या शेपटीच्या केसांचा दोर वळायला घेतला आहे. मग हे जे मला होतंय ते काय आहे? मी मरते आहे का, एवढंच सरळ सांग. तू नर्स आहेस.

कुन्झेस


लेह
२७ ऑगस्ट १९८८

कुन्झेस,

पत्र आत्ता मिळालं. हे न्योमाला जाणाऱ्या लष्करी गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे.

ताबडतोब ये. मोरुपला सांग, बकऱ्या राहू देत. वाटेत लष्कराची चौकी लागते, तिथे डॉक्टर असतो, त्याला आधी दाखव. बाळाचं नंतर पाहू. तू मरत नाहीस, असलं लिहू नकोस.

मिठाला हात लावू नकोस. तेवढं माझं ऐक.

छोरोल


न्योमा
५ सप्टेंबर १९८८

छोरोल-ले,

मी मोरुप. मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा. हे पत्र आणि कुन्झेस एकाच गाडीने तुमच्याकडे येतील. तिला बोलवत नाही आणि आई सांगताना रडते, म्हणून लिहून देतो.

तुमची चिठ्ठी आली त्याच दिवशी तिला ताप आला. मग उलट्या, पाणीसुद्धा पोटात राहीना. सकाळी तिला हाक मारली तर डोळे उघडे पण बघत नव्हती. हातपाय थंड. आई म्हणाली त्या अंगात येणाऱ्या बाईला बोलावू. मी म्हटलं नाही, आणि तिला घोंगडीत गुंडाळून घोड्यावर पुढ्यात घेतली. आई मागून चालत आली. त्या वयात, त्या उतारावरून.

चौकीतला डॉक्टर पोरसवदा आहे, खालच्या मुलखातला. त्याने रक्तदाब मोजला. मग यंत्र बदलून पुन्हा मोजला. मी विचारलं, चढलाय का? तो म्हणाला, "चढलाय? अहो, सापडत नाही." त्याने दंडाला सुई लावून बाटली टांगली. एक संपली, दुसरी लावली. दुसरी अर्धी झाली तेव्हा कुन्झेसने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बकऱ्या कोणाकडे आहेत?

आईने डॉक्टरला विचारलं, या बाटलीत कोणतं औषध आहे? त्याने सांगितलं, औषध आत्ता टोचलं ते वेगळं, बाटलीत मिठाचं पाणी आहे. आईला वाटलं त्याला आपली भाषा नीट येत नाही. तिने मला पुन्हा विचारायला लावलं. मीठच. मग आईने कंबरेची किल्ली सोडली आणि तिथे टेबलावर ठेवली. नंतर मला म्हणाली, "पोरगी मागत होती. मी देत नव्हते."

डॉक्टर म्हणाला बाळ नाही. नव्हतंच. त्याला एका आजाराचा संशय आहे, कागदावर लिहून दिलं आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आई सोबत येते आहे. मला कळप खाली आणायचा आहे, नाहीतर मी थांबलो नसतो.

मी काय करू ते कळवा.

मोरुप


लेह
२४ सप्टेंबर १९८८

मोरुप,

कुन्झेस बसते, खाते, मला उलट बोलते. म्हणजे बरी आहे. आधी हे लिहिलं, कारण तू पत्र उघडताना श्वास रोखला असशील.

आता आजार. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावला तसा लिहिते, आणि आई परत आल्या की तू त्यांना वाचून दाखव, त्या इथे ऐकतात पण मान नुसती हलवतात. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रक्तात एक रस सोडतात. त्याला हॉर्मोन म्हणतात. तो थेंबभरच असतो, पण अंगातलं मीठ धरून ठेवायचं कामही त्याचं, उपाशी राहिलं तर रक्तातली साखर सांभाळायची तीही त्याने, आणि ताप आला, मार लागला, भीती वाटली तर माणसाला उभं ठेवायचं तेही त्यानेच. निरोगी माणसाने मीठ जास्त खाल्लं तर जास्तीचं लघवीतून जातं, कमी खाल्लं तर अंग आहे ते घट्ट धरतं. अंगाचा तोल असा क्षणोक्षणी सांभाळला जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो. कुन्झेसच्या त्या दोन ग्रंथी निकामी झाल्या आहेत. तिचं मीठ धरून ठेवायला कोणी नाही, ते वाहून जातं. पाळीही अंग खंगल्यानेच थांबली होती. म्हणून ती मीठ मागत होती. तिच्यात कोणी शिरलं नव्हतं. तिचं अंग जगायला धडपडत होतं.

ती शाळेच्या वसतिगृहात असताना तिला क्षय झाला होता. फुप्फुसं बरी झाली, पण तो रोग गुपचूप या ग्रंथींत जाऊन बसला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यावरही औषध सुरू केलंय.

काळेपणाचं कारणही ऐक. मेंदूखाली एक ग्रंथी असते, ती या दोन ग्रंथींना सतत निरोप पाठवते, रस सोडा म्हणून. यांचं उत्तर जात नाही. मग ती आणखी पाठवते, आणखी पाठवते. त्या निरोपांचाच रंग कातडीवर चढतो. पोरीने मला तळव्यांच्या रेषांचं लिहिलं होतं, हिरड्यांचं लिहिलं होतं. मी पुस्तकातलं वेगळंच पान उघडून बसले होते. मी एकदा जरी तिचा दाब मोजला असता तर हे झालं नसतं. मी आमच्या आईच्या मरणाला घाबरले होते आणि तिच्यावर आईचा आजार चिकटवला. हे मी तुला लिहिते आहे, तिलाही तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आता चहा खारट कर आणि गप्प बस."

गोळ्या जन्मभर घ्यायच्या. एक दिवस चुकवायच्या नाहीत. ताप आला तर दुप्पट. ओकून पडत असतील तर इंजेक्शन, तेही लगेच, डॉक्टर शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून मला वाटतं तिने आता तळावर येऊ नये. इथे माझ्याजवळ राहावं. तू इथे ये, बांधकामावर काम मिळतं. हिवाळ्यात तिथे रस्ता नाही, डॉक्टर नाही. तिथे तिला ताप आला तर काय करशील ते मला लिही. उत्तर असेल तर मी ऐकते.

छोरोल


हिवाळी तळ, न्योमा
९ नोव्हेंबर १९८८

आचे,

पोचलो. बर्फ पडायच्या आत पोचलो.

निघताना तू गोळ्यांचं डबडं तेवढं माझ्या हातात कोंबलंस. रागावलीस ते मला दिसलं. मोरुपने तुझ्या पत्राला उत्तर लिहिलं नाही, स्वतः आला आणि म्हणाला, मला सुई टोचायला शिकवा. हे उत्तर तुला पटलं नाही, तरी तू शिकवलंस. तीन दिवस तुझ्या खोलीत बटाटे टोचणं चाललं होतं. "पावडरच्या कुपीत पाणी सोड. हलव. विरघळू दे. हवा काढ. मांडीच्या बाहेरच्या बाजूला. घाबरू नकोस." तुझा आवाज तर दारावरच्या फोटोतल्या लामालाही पाठ झाला असेल. आमा-ले भिंतीकडे तोंड करून माळ ओढत होत्या. सुई पाहिली की त्यांना घेरी येते. मी त्यांना विचारलं होतं, तुम्हीही शिकता का? म्हणाल्या, "मी मेंढा कापीन. माणसाला टोचणार नाही."

बसस्टँडवर त्या तुला जे बोलल्या ते मनावर घेऊ नकोस. "तू सांगितलंस म्हणून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही," एवढंच म्हणाल्या ना? त्यांना तुला दोष द्यायचा नव्हता. त्यांना तो कुठेतरी ठेवायचा होता. वाटभर त्यांनी माझा हात सोडला नाही.

मी लेहला राहिले असते तर जगले असते, हे खरं. पण तुझ्या खोलीत पलंगावर बसून दिवसभर स्वतःची नाडी मोजत जगायचं, ते मला नको होतं. इथे मी सकाळी गोळी घेते, खारट चहा पिते आणि बकऱ्या सोडते. तळव्यांच्या रेषा फिकट होताहेत. मोरुपने तो दोर उसवला नाही, गुंडाळून ठेवला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढे मूल होऊ शकतं. बघू.

राग गेला की लिही.

कुन्झेस


लेह
१२ डिसेंबर १९८८

नोमो,

राग गेलेला नाही, तरी लिहिते.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि काल पहाटे नळ गोठला तेव्हा आठवली. इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या गोठतात. गोठल्या की फुटतात. तुमच्याकडे तर भांड्यातला चहा गोठतो. त्या चुलीजवळ ठेवा, पण फार जवळ नाही. मोरुपला सांग. लगेच सांग. दोनच कुप्या दिल्या होत्या मी, तेवढ्याच होत्या.

गोळ्या मोजत जा, संपायच्या आधी कळव.

छोरोल


लेह
२० जानेवारी १९८९

कुन्झेस,

उत्तर नाही. रस्ता बंद आहे हे मला माहीत आहे. लष्कराच्या गाड्या जातात-येतात, तरी तुझी चिठ्ठी नाही.

इथे सर्दी-तापाची साथ आहे, वॉर्ड भरला आहे. तुमच्याकडेही पोचली असेल. मी रोज लष्कराच्या मेसमध्ये ड्रायव्हरांना विचारते, ते आता मला बघून वाट बदलतात. एक ओळ लिही. मोरुपला लिहायला सांग. वाईट असेल तरी लिही.

छोरोल


हिवाळी तळ, न्योमा
६ फेब्रुवारी १९८९

आचे,

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम आली. मी जिवंत आहे. आधी हे.

साथ आमच्याकडेही पोचली. मोरुप तेव्हा कळपाबरोबर नदीपलीकडे होता, तिकडे बर्फ कमी असतं. घरात मी आणि आमा-ले. ताप चढला तशी मी गोळ्या दुप्पट घेतल्या, तू सांगितलंस तशा. त्या ओकून पडल्या. पुन्हा घेतल्या, पुन्हा पडल्या. मग मला कळत होतं की आता सुई हवी, आणि टोचणारा नदीपलीकडे आहे. तोंडातून शब्द फुटेना. मी सुयांच्या डब्याकडे बोट दाखवलं असेन, तेही मला आठवत नाही. यापुढचं आमा-लेंनी सांगितलं ते लिहिते.

त्यांनी डबा उघडला तर त्यात पावडरच्या कुप्या होत्या, सुया होत्या, पाण्याच्या कुप्या नव्हत्या. त्या नसणारच होत्या. पहिली थंडी पडली तेव्हाच त्यांनी त्या काढून घेतल्या होत्या आणि फडक्यात गुंडाळून पोटाशी, अंगरख्याच्या आत बांधल्या होत्या. कोणाला न सांगता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाणी गोठतं हे त्यांना शिकवायला नर्स लागत नाही, असं म्हणाल्या. झोपतानाही काढल्या नाहीत. तुझं चुलीचं पत्र यायच्या कितीतरी आधी.

पहिल्या कुपीचा फोडताना हातातच चुरा झाला, बोट कापलं. दुसरी नीट फुटली. मग त्या तुझ्या आवाजात मोठ्याने बोलत गेल्या. "पाणी सोड. हलव. विरघळू दे. हवा काढ." भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या ना, पण कान भिंतीकडे नव्हते. "तुझी बहीण एकच गोष्ट दहादा सांगते," म्हणाल्या, "डोकं उठलं होतं माझं. पण पाठ झालं." मांडीवरची कापडं कापायला कात्री सापडेना, मेंढ्यांची घेतली. घेरी आली का विचारलं तर म्हणाल्या, आली होती, तिला नंतर ये म्हटलं.

मला शुद्ध आली तेव्हा दुपार होती. चुलीवर चहा होता, अंगावर घरातली सगळी घोंगडी. आमा-ले माझ्या पायाशी बसल्या होत्या, कापलेलं बोट तोंडात धरून. मला काही विचारायचं होतं, पण त्यांनीच आधी विचारलं.

"टोचताना दुखलं का गं?"

मला काहीच कळलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, "खूप."

"खूप?"

"खूप, आमा-ले. अजून दुखतंय."

"बरं झालं. म्हणजे तुझ्यात जीव होता," म्हणाल्या, आणि मग रडल्या.

पाण्याच्या कुप्या संपल्या आहेत. पहिल्या गाडीने पाठव, आणि चार पाठव. त्यांनी फडकं धुऊन ठेवलंय.

तुझी
कुन्झेस